श्वास मोजायचा कुठल्या भाषेत?

बेळगावात, टिळकवाडीत, आमच्या घराजवळच्या मैदानावर सकाळी सहाला योगवर्ग भरायचा. तो गेल्या महिन्यात फुटला. कारण काय, तर सूचना कन्नडमध्ये द्यायच्या की मराठीत.

शिकवणारे सर धारवाडकडचे. निवृत्तीनंतर बेळगावात स्थायिक झालेले आणि एक पैसाही न घेता शिकवणारे. समोर सतरंज्या टाकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मंडळी मराठी. सर दोन्ही भाषांची सरमिसळ करायचे, ‘उसिरु तगोळ्ळी, हळूहळू, आता उसिरु बिडी’ (श्वास घ्या, आता सोडा) असं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. मग एक दिवस कुणीतरी म्हणालं, निदान आकडे तरी मराठीत मोजा. त्यावर दुसऱ्यानं ऐकवलं, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. पुढे २१ जूनच्या योगदिनाच्या फलकावर वरची ओळ कुठल्या भाषेत, हा वाद निघाला आणि आता एकाच मैदानावर दोन वर्ग आहेत. सहाला सरांचा. सातला मराठी, त्याला शिकवणारं कुणी नाही म्हणून मोबाइलवर व्हिडिओ लावून हातपाय हलवतात. माझे बाबा दोन्हींकडे जात नाहीत. सरांकडे जाणं त्यांच्या स्वाभिमानात बसत नाही आणि व्हिडिओतली अक्षरं त्यांना दिसत नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, झोप पहाटे तीनलाच मोडते. सरांच्या वर्गानं तीच झोप पाचपर्यंत नेली होती, हे आईनं मला सांगितलंय.

हे सगळं मला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं, जर्मनीत, स्टुटगार्टच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, उभ्या उभ्या. मी लिहिलं, ‘वर्गाला जा, भाषेचं नंतर बघू.’ मामाचं उत्तर तत्काळ आलं, ‘परदेशात बसून सांगायला काय जातंय? तुम्ही तर योगासुद्धा गोऱ्या बाईकडून पैसे मोजून शिकालाय.’

हो, शिकते. आणि त्यात लाज वाटावी असं मला काहीही दिसत नाही. स्टुटगार्टमध्ये आमच्या भागातल्या फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे प्रौढशिक्षण केंद्राचा, वर्ग गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत भरतो. फायराबेंट झाला, म्हणजे दिवसाचं काम संपलं, की मी लॅपटॉप मिटते, बूट बाहेर काढते, चटई टाकते. क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, बरेचसे पैसे परत देते, पण ऐंशी टक्के हजेरी लागते. ‘आज पाऊस होता’ तिथं चालत नाही. बाई सात वाजता दार लावून घेतात. हार नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाहीत, उद्घाटनाचं भाषण नाही. माझ्या एका बाजूला तुर्की आजीबाई असतात, दुसऱ्या बाजूला युक्रेनहून आलेली तरुण मुलगी. सूचना फक्त जर्मनमध्ये. त्या मुलीला पहिले आठवडे अर्धंही कळत नव्हतं, ती शेजारणीकडे बघून करायची. फलक कुठल्या भाषेत लावायचा, असं तिथं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मला त्या वर्गाची गरज का पडली, तेही सांगते. इथल्या वाहन उद्योगात नोकरकपातीची चर्चा सुरू झाली तेव्हापासून माझा जबडा रात्री आवळलेला असायचा. सकाळी उठले की दात दुखायचे. दंतवैद्यानं रात्री घालायची पट्टी दिली. घरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही दिवसभरात कधीतरी श्वास पूर्ण सोडता का? तेव्हा लक्षात आलं की मी घेतच होते, सोडत नव्हते. बाई वर्गात आम्हाला उताणं झोपवून, पाय भिंतीला टेकवून, चार आकड्यांत श्वास घ्यायला आणि सहा आकड्यांत सोडायला लावतात. यात चमत्कार नाही. सोडलेला श्वास लांबला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाला सावकाश चालण्याचा निरोप जातो, नाडी उतरते, खांदे आपोआप खाली येतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था काढली ती योगाच्या अशाच परिणामांची उपकरणं लावून तपासणी करण्यासाठी. म्हणजे गोऱ्या बाईंच्या आधी आपल्याच माणसानं हे मोजून ठेवलंय. योगानं नोकरी टिकत नाही आणि कर्ज फिटत नाही. ज्याला खरंच औषधाची गरज आहे त्याची गोळीही त्यानं बंद करू नये. पण रोजचा जो बारीक ताण अंगात मुरत जातो, तो रोजच्या रोज काढून टाकायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

आणि ताण सीमाभागात नाही, असं कुणी म्हणू नये. मामा म्हणतो, ‘ताण-बीण शहरातली चोचली, आमच्या वेळी तालमीत दोनशे जोर मारले की झोप लागायची.’ तालमीचं मला कौतुकच आहे. पण माझ्या आईला तालमीत कधी कुणी घेतलं नाही. ती वीजबिल हातात घेऊन शेजारच्या अक्कांकडे जायची, कारण मागच्या बाजूला कन्नडमध्ये काय छापलंय ते वाचता यायचं नाही. पंचायतीची नोटीस आली की ती उघडण्याआधीच तिच्या पोटात कालवायचं. खानापूरच्या शेताचा उतारा, रेशनकार्डातली नावाची दुरुस्ती, दाखल्यावरचं आडनाव, प्रत्येक कागदापाशी कुणाच्या तरी मेहेरबानीनं उभं राहावं लागायचं. हा ताण आहे. त्याला नाव नव्हतं म्हणून तो नव्हता असं होत नाही. बाबांचा रक्तदाब नुसत्या मिठानं वाढलेला नाही, असं मी ठामपणे म्हणते.

मग त्याच माणसांनी, ज्यांना हा ताण सर्वांत जास्त आहे, ताण उतरवण्याची जागाच भांडणात घालवावी, याचा मला राग येतो. दोन्ही बाजूंचा येतो. ‘कर्नाटकात राहता तर कन्नड शिका’ म्हणणाऱ्याचा जास्त येतो, कारण तिथं समोर सत्तर वर्षांचे लोक पाठीवर झोपले होते, त्यांना शिकवायची ती वेळ नव्हती.

ज्यांना योग आपल्याच भाषेचा वाटतो त्यांनी बेळगावचीच एक गोष्ट आठवावी. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९१८ साली कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरला जन्मले. घरची भाषा तमीळ, मुलूख कन्नड, योगाचं शिक्षण म्हैसूरला गुरू कृष्णमाचार्यांकडे. १९३६ मध्ये गुरू शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकं करत फिरले. तेव्हा बेळगावात सिव्हिल सर्जन होते डॉ. व्ही. बी. गोखले. त्यांना या विद्येत दम दिसला आणि पुढच्या वर्षी, गोखले पुण्याला आले तेव्हा, त्यांच्याच पुढाकारानं अय्यंगार पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. वय अठरा, मराठीचा गंध नाही. शिकणाऱ्या पुणेकरांनी त्यांना आधी मराठीची परीक्षा द्या असं सांगितलं नाही. तो पोरगा पुण्यात राहिला, पुण्याचा झाला, १९५४ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइनबरोबर स्वित्झर्लंडला गेला आणि युरोपात योग रुजला तो बऱ्याच अंशी त्याच वाटेनं. माझ्या गुरुवारच्या वर्गात कमरेला पट्टा आणि पाठीखाली लाकडी ठोकळा देतात, ती पद्धत अय्यंगारांची. म्हणजे बेळगावातल्या एका मराठी डॉक्टरनं एका कन्नड मुलखातल्या मुलावर विश्वास टाकला, त्याचं फळ मला स्टुटगार्टला मिळतंय आणि टिळकवाडीत मिळत नाही.

इथपर्यंत मी ग्रुपवर लिहिलं आणि मला वाटलं, वाद संपला. बाबांनी एकच वाक्य लिहिलं, ‘तुला तिथं जर्मन शिकायला लागलं तेव्हा तुझी भाषा कुणी काढून घेतली नव्हती.’

त्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. मी जर्मनच्या परीक्षा दिल्या, बी-वन केलं, बी-टू केलं, फिनान्सआम्टची, म्हणजे करखात्याची, पत्रं आता शब्दकोश न उघडता वाचते. त्यात माझं काही गेलं असं मला कधीही वाटलं नाही. पण डिसेंबरात बेळगावला उतरले आणि दुकानांच्या पाट्यांवर मराठी आणखी बारीक झालेली दिसली की माझ्याही पोटात तेच कालवतं जे आईच्या कालवायचं. जर्मनीत मी पाहुणी म्हणून आले, तिथं माझा हक्क नव्हता, म्हणून गमावण्यासारखं काही नव्हतं. टिळकवाडीत मी पाहुणी नाही. माझ्या आजोबांनी तिथं कधी स्थलांतर केलं नाही. ते जागचे हलले नाहीत, सीमाच त्यांच्या डोक्यावरून गेली.

१ नोव्हेंबरला हे सर्वांत जास्त जाणवतं. १९५६ मध्ये त्या तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. त्या दिवशी बेळगावात एकीकडे राणी चन्नम्मा चौकात कर्नाटकाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या फितींची फेरी. २०१४ मध्ये त्याच तारखेला गावाचं नावही बदलून बेळगावी झालं. सर्वोच्च न्यायालयात सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून आहे. इथं स्टुटगार्टला त्याच दिवशी आलरहायलिगनची, म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची, सुट्टी असते. दुकानं बंद, लोक कबरींवर दिवे लावायला जातात, मला कुठंच जायचं नसतं. मी स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून दोन्ही मिरवणुकांचे व्हिडिओ बघते आणि त्या दिवशी माझा जबडा ऑफिसच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आवळलेला असतो. मी तिथं नाही, फित लावत नाही, झेंडा धरत नाही, आणि तरी तो ताण माझाच आहे. इथल्या शांततेचं मी ग्रुपवर एवढं कौतुक केलं, पण ही शांतता मला मिळते ती इथं मी कुणाचीच नसल्यामुळे. स्टुटगार्टसाठी मी कधीही भांडणार नाही. बेळगावसाठी भांडावंसं वाटतं, हेच मी तिथली असल्याचं लक्षण आहे आणि मला ते गमवायचं नाही. मला फक्त ते भांडण कोर्टात, कचेरीत, शाळेच्या दाखल्यापाशी हवं आहे. पहाटेच्या सतरंजीवर नको.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर मी बाबांना खाटेवर झोपायला लावलं. आईनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, त्यात अर्धा पंखा आणि बाबांचं पोट दिसत होतं. म्हटलं, बाबा, हात पोटावर ठेवा, चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पहिले काही श्वास छातीतच अडकले. मग हात वर-खाली होऊ लागला आणि ते पुटपुटू लागले, ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...’ सरांनी दोन वर्षं जसं मोजलं तसंच. आई दारात उभी राहून ऐकत होती, ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. बाबांना झोप लागली आणि आईनं फोन उचलून बाहेर नेला.

डिसेंबरात मी येतेय. तोवर मैदानावर दोन वर्ग असतील तर मी सहाच्या वर्गात सतरंजी टाकणार आहे. सरांना मी मराठीतच नमस्कार करीन आणि मराठीतच विचारीन की आकडे एक दिवस असे, एक दिवस तसे मोजता येतील का. मामा रागावेल, ग्रुपवर लिहील, लिहू दे. बाबांनी रागवायचं असेल तर खुशाल रागवावं, पण पावणेसहाला उठून माझ्याबरोबर चालत यावं.