चार्जिंग स्टेशनवर छताचे चार पत्रे टाकायला काय जातं तुमचं?

पेट्रोल भरायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांसाठी पंपावर भलंमोठं छत असतं, लख्ख दिवे असतात, भरून द्यायला माणूस असतो. प्यायचं पाणी, फुकट हवा, टॉयलेट हे सगळं पंपवाल्याला ठेवावंच लागतं, आणि नसेल तर तक्रार वही मागायचा आपल्याला हक्क असतो. आणि इलेक्ट्रिक गाडी घेऊन जिथे पाऊण तास, कधी सव्वा तास थांबायचं असतं, तिथे डोक्यावर एक पत्रा नाही. बसायला बाकडं नाही. दिवा असला तर नशीब. हे कुणाच्या डोक्यातून निघालं? ज्याच्या डोक्यातून निघालं तो स्वतः कधी गाडी चार्ज करायला उभा राहिलाय का?

कोकणातला पाऊस ही काही कुणाला नवी बातमी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. तरी मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूर, कशेडी सोडून खाली उतरलात की चार्जर सापडतो तो उघड्यावर. गेल्या पावसाळ्यात खेडच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात थांबलो. चार्जर मागच्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून. खालचे पेव्हर ब्लॉक खचलेले, त्यात घोटाभर पाणी. आधीच्या माणसाने गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत लावायचा प्लग, होल्डरला न लावता तशीच टाकून दिलेली, तोंडात चिखल. ती रुमालाने पुसतोय तोवर मी नखशिखांत भिजलो. बायको छत्री धरून उभी, पण छत्री आमच्या डोक्यावर नाही, गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर. टचस्क्रीनवर पावसाचे थेंब पडतायत आणि स्क्रीन त्यांनाच बोट समजून भलतीच बटणं दाबतेय. क्यूआर कोडच्या स्टिकरमध्ये पाणी शिरून तो फुगलेला. ओटीपी यायचा तर रेंज नाही. शेवटी एकदाचं चार्जिंग सुरू झालं आणि मिनिटभरात इन्सुलेशन एरर, म्हणजे वीज गळत असल्याचा इशारा, दाखवून बंद पडलं. हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडून शांतपणे, "सर, गन काढून परत लावा."

आता कुणीतरी सांगेलच की पावसात चार्जिंग सुरक्षित असतं. असतंच, माहितीये मला. गन नीट बसून लॉक होत नाही, गाडी आणि चार्जरचं आपसात बोलणं होत नाही, इन्सुलेशन तपासून होत नाही, तोवर करंट सोडलाच जात नाही. म्हणूनच ओल्या पिना दिसल्या की मशीन स्वतःहून बंद होतं, आणि ते बरोबरच आहे. पण याचाच अर्थ असा की छत असतं तर ती गन कोरडी राहिली असती आणि माझं चार्जिंग पहिल्याच फटक्यात सुरू झालं असतं! उघड्यावर ठेवायच्या चार्जरच्या डब्यात पाणी-धूळ जाऊ नये म्हणून आयपी रेटिंग बघतात, चाचण्या करतात. यंत्र भिजू नये याची काळजी घेणारी माणसं आहेत तर. मग ते यंत्र हातात धरणाऱ्या माणसाची काळजी कुणी घ्यायची?

खेडच्या त्याच आवारात माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईला टॉयलेटला जायचं होतं. गुडघे दुखतात तिचे. चिखलातून हात धरून हॉटेलच्या दारापर्यंत नेलं, तर काउंटरवरचा म्हणतो, "आजी, जेवायला बसणार असाल तर आतलं वापरा, नाहीतर नाही." आवार यांचं, चार्जरचं भाडं बहुतेक हेच घेणार, गाडी लावायला जागा यांनीच दिलेली, आणि म्हातारीला टॉयलेट नाही. चार्जरवर कंपनीचं नाव, जागा हॉटेलची, वीज महावितरणची. यातल्या कुणालाही विचारा, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी युनिटमागे वीस-बावीस रुपये मोजतो, वर 18 टक्के जीएसटी देतो. घरच्या विजेपेक्षा कितीतरी महाग. त्या पैशात नक्की काय मिळतं मला?

पावसाचं झालं. विदर्भात मे महिन्यात जाऊन बघा. अकोला, चंद्रपूर 45 अंशांच्या वर, चार्जर भर उन्हात तापलेला, स्क्रीनवर काय लिहिलंय ते हाताची सावली धरल्याशिवाय दिसत नाही. एवढ्या उन्हात चार्जर स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो. बॅटरी तापलेली असली तर गाडीही कमी घेते. म्हणजे सावली नाही म्हणून चार्जिंग हळू, आणि चार्जिंग हळू म्हणून आपण आणखी वेळ उन्हात. गाडीत एसी लावून बसा म्हणतात. लहान मूल असेल तर दुसरा इलाजही नसतो, पण मग जे भरतोय त्यातलंच थोडं जाळत बसायचं.

आणि मी तर कधीमधी गावाला जाणारा माणूस. रोज इलेक्ट्रिक टॅक्सी चालवणाऱ्यांचं काय? पुण्यात, मुंबईत रात्री बारा-एकला चार्जिंगच्या रांगेत जाऊन उभे राहा. ही पोरं दिवसातून एकदा-दोनदा तिथे तासतासभर काढतात. एसी लावला तर तेवढ्या भाड्यावर पाणी, म्हणून काचा खाली करून डास मारत बसलेली असतात. लघवीला भिंतीचा आडोसा. आता यात बायकाही गाडी चालवू लागल्यात. त्यांनी कुठला आडोसा शोधायचा? अंधाऱ्या प्लॉटच्या टोकाला, एकटीने, केबल अडकलेली असताना, म्हणजे पटकन गाडी काढून निघताही येत नाही अशा अवस्थेत? मला हे सुचतं तेव्हा संताप होतो, कारण इथे गैरसोय हा शब्द फार तोकडा आहे.

पेट्रोल पंपावरच चार्जर असेल तर तरी बरं असेल असं वाटतं. तिथेही तो पंपाच्या मागच्या कोपऱ्यात. इंधनाच्या नोझलपासून अंतर ठेवावं लागतं, हे मान्य, तो नियम योग्यच आहे. पण अंतरावर दुसरं छोटं छत घालू नका असं कोणता नियम सांगतो? दहा पावलांवर इमारतीएवढं छत दिसतंय आणि आपण हवा भरायच्या नळाशेजारी, भंगार टायरांजवळ, सखल भागात साचलेल्या पाण्यात.

खर्च परवडत नाही, हे कारण मी ऐकून घेणार नाही. एक फास्ट चार्जर, त्याचा ट्रान्सफॉर्मर, वीजजोडणी यांना लाखो रुपये लागतात. त्याच्यापुढे चार लोखंडी खांब आणि प्रोफाइल पत्रे म्हणजे किती? आपल्याकडे जत्रेतला रसवंतीवालासुद्धा गिऱ्हाइकासाठी ताडपत्री बांधतो. वर सोलर पॅनल टाका हवं तर. त्याने फास्ट चार्जर चालणार नाही, पण दिवे, पंखा, कॅमेरा आरामात चालेल.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात हायवेवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. ऑगस्ट 2025 पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, त्याचा फायदा मीही घेतो. केंद्राने इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनांसाठी 2000 कोटी ठेवलेत. पण मोजदाद चालते ती चार्जर किती बसले याची. तिथे थांबलेल्या माणसाला कोरडं उभं राहता येतं का, हे कुणी मोजत नाही. 25 किलोमीटरला एक उघडं खोकं उभं केलं की आकडा पूर्ण होतो, फीत कापली जाते, फोटो निघतात. फोटो बहुधा जानेवारीत काढतात.

आम्ही एसी लाउंज मागत नाही. गाडी आणि माणूस दोन्ही मावेल एवढं छत, पाणी साचणार नाही असा चौथरा, गन अडकवायला धड होल्डर, रात्रभर जळणारा दिवा, एक बाकडं आणि कुलूप नसलेलं टॉयलेट. पेट्रोल पंपाला जे सक्तीचं आहे ते चार्जिंग स्टेशनला सक्तीचं करा, आणि जिथे सरकारी अनुदान दिलंय तिथे आधी करा. छत उभं राहिलंय, टॉयलेट उघडं आहे, हे कुणीतरी भर जुलैत जाऊन बघून आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडूच नका.