व्हॉल्व जोडा बिनधास्त, गळती शोधायला गिऱ्हाईक आहेच

हवेचा दाब कमी करून एका आकड्यावर धरणारे प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व दुरुस्त करणाऱ्या तमाम भावांनो, मे महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत पत्र्याखाली बसून पाना फिरवणं म्हणजे खायचं काम नाही, हे मान्य. म्हणून तुमचा घाम वाचेल अशा चार गोष्टी सांगतो.

सीट, म्हणजे व्हॉल्व मिटतो ती बैठक, पेस्टने घासून सपाट केली (लॅपिंग) की पेस्ट पुसत बसू नका. जुनं गॅस्केट खरवडताना कचरा आतच पडू द्या, हवेबरोबर जाईल कुठेतरी. टेफलॉन टेप आट्यांच्या पार तोंडापासून गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडतात ते भित्रे.

ओ-रिंग जुनीच बसवा, बिल नवीचं लावा.

बॉनेटचे, म्हणजे वरच्या टोपणाचे, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे असतात म्हणे. तुम्ही एका कडेने सुरुवात करून मारुतीला प्रदक्षिणा घालतात तसे गोल फिरत या. आतला लवचीक पडदा, डायफ्राम, चुरगळला तर चुरगळला. तो फाटलाच, तर बॉनेटच्या बारीक भोकातून हवा सुसू करून चुगली करते. त्यावर उपाय आहे. भोकात एम-सील भरा. चुगली बंद!

आता टेस्टिंग. इथे तर फारच वेळ वाचतो. हवा सोडा, सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा दिसला नाही की ‘टेस्टेड ओके’चा टॅग अडकवा. पंधरा दिवसांपूर्वी असाच एक टॅग मिरवत एक इंची व्हॉल्व आमच्या डाळ मिलमध्ये आला. सॉर्टेक्सच्या, म्हणजे डाळीतले खराब दाणे हवेच्या फवाऱ्याने उडवणाऱ्या मशीनच्या, हवेच्या लाइनवर बसवला. कंप्रेसरकडून 7 बार दाब, पुढे सेट केले 3. मशीन चालू असेपर्यंत काटा 3 वर असा बसला होता, की मीच तुमचं कौतुक केलं. मग जेवणाची सुट्टी झाली, मशीन थांबलं. डबा उघडून मी भरिताचा पहिला घास घेतो न घेतो, तोच फाडकन आवाज! धावत गेलो तर काटा 7 वर, नळी फिटिंगमधून सुटलेली आणि सापासारखी पत्र्यावर आपटतेय. तिथला पोऱ्या नशिबाने हात धुवायला गेला होता.

तुम्हाला फोन केला तर उत्तर काय? “काही होत नाही भो, नवीन सीट आहे, बसेल आपोआप.”

बसेल म्हणजे? अंडं उबवायला ठेवलंय का मी?

शेवटी मीच खोलला. सीटवर टेफलॉनची जिऱ्याएवढी धांदोटी, आणि तिच्याखाली रबरावर उमटलेला वळ. खोलण्याआधी सेटिंगचा स्क्रू पूर्ण सैल करून, आउटलेटला नळी लावून ती बादलीत बुडवली होती, तर पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे. सॉफ्ट, म्हणजे रबरासारख्या मऊ सीटसाठी गळतीची जी मर्यादा आहे, त्या क्लास 6 ला एक इंची पोर्टसाठी मिनिटाला एक बुडबुडा चालतो. एक! इथे मोजायची सोय नव्हती.

अरे बाबांनो, साबणाचा फेस बाहेरची गळती दाखवतो. सीटची गळती आत असते, ती फेसाला कशी दिसणार? हवा वाहत असताना तर काट्यालाही दिसत नाही, कारण गळालेली हवा पुढे निघून जाते. पुढचा कॉक पूर्ण बंद करायचा आणि गेजकडे बघत बसायचं. काटा सेटिंगच्या थोडा वर जाऊन थांबला तर व्हॉल्व चांगला. मुंगीच्या चालीने का होईना, चढतच राहिला तर सीट गळतेय. खोला आणि पुन्हा करा. दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही टपरीवर कटिंग मारण्यात घालवता.

तुम्हाला येत नसतं तर शिकवलं असतं. तुम्हाला सगळं येतं, आणि तरी करत नाही, याची चीड आहे. त्या टॅगवर सही तुमच्या हातची आहे. आणि नळीसमोर उभा राहतो तो पोऱ्या एकोणीस वर्षांचा आहे. दुसरा व्हॉल्व पाठवताय ना? टॅग नको. कॉक बंद करून दहा मिनिटांनी काटा कुठे होता, तेवढं पेनाने लिहून पाठवा.