महिन्याचे पंधरा डॉलर जास्त नाहीत
लेखात म्हटलंय की गेमसाठी दर महिन्याला पैसे भरणं म्हणजे निव्वळ लूट, मला नाही पटत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत महिन्याला १४.९९ डॉलर होते आणि अजूनही तेवढेच आहेत, एवढ्या वर्षांत दुसरं काय वाढलं नाही सांगा बरं, शिवाय २०१९ पासून क्लासिकपण (म्हणजे त्याच गेमची जुनी आवृत्ती) त्याच पैशात. रोज तासभर खेळलात तरी तासाला अर्धा डॉलर पडतो. खटकतं ते वेगळंच, फी घेऊनही नवीन एक्सपान्शनचे (गेममध्ये पडणारी मोठी नवी भर) पैसे वेगळे आणि वर गेमच्या दुकानात खेळात बसायला घोडे-बिडे विकायला ठेवलेत ते कशाला?? ज्यांना फक्त अधूनमधून रविवारी वेळ मिळतो त्यांनी सरळ गिल्ड वॉर्स २ हा तसलाच ऑनलाइन गेम खेळावा, मासिक फी नाहीच.