दाताच्या मशीनचा तो आवाज

दातांच्या डॉक्टरकडे जायला जो टाळाटाळ करतो त्याला आपण लगेच भित्रा ठरवून मोकळे होतो, पण माझं अगदी स्पष्ट मत आहे की बऱ्याच जणांचे दुखण्यापेक्षा दात कोरायच्या त्या मशीनच्या आवाजानेच हातपाय गळतात आणि डॉक्टर मंडळींनी हे सिरीयसली घ्यायला हवं.

भूल दिली की दाढ बधिर होते, कान थोडेच होतात? उलट मशीन दाताला टेकलं की आवाज हाडातून थेट कानाच्या आत घुमतो, शेजारी उभ्या माणसाला त्याची कल्पनाच येत नाही. हे मशीन, म्हणजे एअरोटर, हवेच्या दाबावर मिनिटाला ३ लाखांच्या आसपास फेरे घेतं, १९५७ च्या सुमाराला आलं तेव्हापासून कामं फटाफट व्हायला लागली हे मान्य, पण ती चिरकी शिट्टीही तेव्हापासूनचीच. मोकळं फिरताना सूर वेगळा, दाताला लागलं की स्पीड पडतो आणि सूर खाली येतो. तोंड उघडं, डोळ्यावर लाइट, बोलता येत नाही, मग पेशंट त्या सुरावरूनच अंदाज बांधत बसतो, आता लागणार, आता दाताच्या नसेपर्यंत गेलं...

लहान मुलांचं तर अजूनच अवघड. वयाप्रमाणे आपल्याला खूप वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, पोरांना मात्र येतात. जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांना या आवाजात जवळपास २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे अगदी वरच्या पट्टीतला भाग सापडलाय, आणि मुलांना तो मोठ्यांपेक्षा जास्त मोठा, जास्त नकोसा वाटतो असंही दिसलंय. म्हणजे "एवढं काय रडायचं" म्हणताना ते पोर जे ऐकतंय ते आपल्याला पूर्ण ऐकूच येत नसतं!

माझ्या भाचीची दाढ किडली होती. बाहेर बाकावर बसलो होतो, मध्ये अर्धवट उंचीचं पार्टिशन, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं, नंबर यायच्या आत पोरीने माझ्या ओढणीचं टोक पिळून पिळून ओलं करून टाकलं. शेवटी दुसरीकडे नेलं. तिथल्या मॅडमनी आधी मशीन तिच्या नखाजवळ हवेतच फिरवून दाखवलं, पाण्याचा फवारा हातावर घेऊ दिला, आणि सांगितलं डावा हात वर केलास की मी थांबणार. थांबल्यासुद्धा! दाढ भरून झाली, रडारड नाही.

याला काय खर्च येतो सांगा? पार्टिशन छतापर्यंत न्या, पेशंटला इअरफोन लावायचे असतील तर लावू द्या. आणि हात वर केला की प्लीज खरंच थांबा, "झालंच, झालंच" म्हणत चालू ठेवू नका, कारण तसं एकदा झालं की पुढच्या वेळी तो माणूस दाढ ठणकत असली तरी पेनकिलर घेऊन घरीच बसतो.