पुढच्या गावाला सोडलेले पाणी

माझी भाची यंदा अकरावीत आहे. पर्यावरण शिक्षणाची प्रकल्पवही पुरी करून घेण्यासाठी ती गेल्या रविवारी आमच्याकडे आली, तेव्हा वहीत ‘प्रदूषणाचे प्रकार’ असे शीर्षक टाकून तिने खाली चार चौकटी आखूनच आणल्या होत्या: हवा, पाणी, जमीन आणि ध्वनी. प्रत्येक चौकटीत कारणे, परिणाम आणि उपाय भरायचे होते. मामाने जन्मभर रसायनशास्त्र शिकवले आहे, तेव्हा हे काम अर्ध्या तासाचे, असा तिचा हिशेब होता. मी मात्र त्या चौकटींपाशीच अडलो. का अडलो ते इथे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या चौकटींची सवय आपल्या सगळ्यांनाच शाळेपासून लागली आहे आणि ती मला घातक वाटते.

पर्यावरण हा विषय आपल्याकडे सक्तीने शिकवला जातो तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशापासून. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवरचा तो आदेश होता आणि त्यामागचा हेतू निर्विवाद चांगला होता. पुढे विषयाचे पुस्तक झाले, पुस्तकाची वही झाली आणि वहीचे गुण झाले. ‘झाडे लावावीत’, ‘जनजागृती करावी’ ही दोन वाक्ये कोणत्याही चौकटीत चालतात, हे मुलांना आपल्याआधी कळलेले असते.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे माझे उदाहरण पंचगंगेचे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या आणि श्रद्धेतली गुप्त सरस्वती यांचा प्रयाग चिखलीला संगम होतो, आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ही नदी सुमारे ऐंशी किलोमीटर वाहते. भारतातल्या नद्यांच्या मानाने हे अंतर म्हणजे काहीच नव्हे. एवढ्या पट्ट्यात जयंती नाल्यासह कोल्हापूर शहराचे नाले, काठावरच्या अनेक गावांची गटारे, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे रंगीत पाणी, साखर आणि मद्यार्क कारखान्यांकडून येणारे मळीमिश्रित पाणी आणि उसाच्या शेतातून धुऊन आलेली खते असे सगळे तिच्या पोटात जाते. यातले नाल्याच्या तोंडाशी उभे राहून बोट दाखवता येते ते एका प्रकारचे, आणि शेताशेतांतून झिरपत येते, ज्याचे तोंडच सापडत नाही, ते दुसऱ्या प्रकारचे. कायदा पहिल्याला पकडू शकतो. दुसऱ्यापुढे तो जवळजवळ हतबल असतो.

आता नदी घाण झाली म्हणजे नेमके काय झाले, हे समजून घेतले पाहिजे, कारण डोळ्यांना दिसणारा रंग आणि फेस ही त्यातली अगदी वरवरची गोष्ट आहे. मासा जगतो तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. वीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि तीस अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, म्हणजे उन्हाळ्यात नदीची शिल्लक आधीच कमी असते. त्या पाण्यात सेंद्रिय घाण पडली की जिवाणू ती खाऊ लागतात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. हा वापर किती होईल याचे माप म्हणजे बीओडी, अर्थात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. आंघोळीसाठी वापरायच्या नदीच्या पाण्याची बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. घरगुती सांडपाण्याची बीओडी दोन-अडीचशे असते, तर मद्यार्क काढून उरलेल्या मळीच्या पाण्याची, प्रक्रिया केलेली नसेल तर, चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जाते. गुणाकार करून पाहा: असे एक लिटर पाणी पाच हजार लिटर चांगल्या पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन संपवू शकते.

हे मी विद्यार्थ्यांना आकड्यांनी समजावत असे तेव्हा ते वहीत उतरून घेत आणि विसरून जात. एका वर्षी मी मुलांना घेऊन उन्हाळ्यात एका बंधाऱ्यावर गेलो. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग तीत आधी मँगनीज सल्फेट आणि नंतर अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायची आणि साका बसू द्यायचा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो साका तपकिरी होतो. कॉलेजच्या नळाच्या पाण्यावर मुलांनी हे आधी करून पाहिले होते, त्यामुळे काय दिसणार हे त्यांना ठाऊक होते. बंधाऱ्याच्या बाटलीतला साका पांढराच राहिला. एका मुलाला वाटले रसायन जुने झाले आहे, म्हणून आम्ही दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. त्या मुलांपैकी कोणाला बीओडीची व्याख्या आज आठवत असेल असे मला वाटत नाही, पण त्या दोन बाटल्या बहुतेकांना आठवत असतील.

बंधाऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्याकडे नदीवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत, आणि पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. वरून येणारी घाणही त्याबरोबर अडते, साचते आणि कुजते. मग उन्हाळ्यात कधीतरी मेलेल्या माशांचा खच वर येतो, तेरवाडसारख्या बंधाऱ्यावर लोक जमतात, पंचनामा होतो, आणि दरवेळी एकच मागणी पुढे येते की धरणातून पाणी सोडा, नदी वाहती करा. पाणी सुटते, बरगे निघतात, आणि तीन दिवसांनी नदी ‘साफ’ झाल्याची बातमी येते. ती घाण मात्र शिरोळ तालुक्यात पुढच्या बंधाऱ्याला जाऊन टेकलेली असते. घरचा केर शेजारच्या दारात लोटावा तसा हा प्रकार आहे, फरक इतकाच की इथे लोटायला धरणातले चांगले पाणी खर्ची पडते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. आपण ज्याला प्रदूषणावरचा उपाय म्हणतो तो पुष्कळदा फक्त हलवाहलवीचा असतो. गावातून गावात हलवतो तसेच आपण एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीतही हलवतो. बॉयलरच्या धुराड्यातून राख उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, म्हणून धुरावर पाण्याचा फवारा मारणारे यंत्र बसवतात. हवा स्वच्छ होते, आणि राखेचे काळे पाणी तयार होते. ते पाणी साठवून निवळले की गाळ उरतो, आणि गाळ कुठेतरी टाकावा लागतो. कापडाच्या रंगाचे पाणी प्रक्रिया केंद्रात नीट शुद्ध केले तरी रंग आणि रसायने नाहीशी होत नाहीत, ती गाळात उतरतात, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा जमिनीत गाडावा लागतो. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या, तेव्हा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार बाहेर काढण्याचे काम शेतकऱ्यांनी नेटाने केले. पडीक रानात पुन्हा पीक उभे राहिले, त्याचे मला खरोखर कौतुक आहे. पण पाइपातून निघालेले खारे पाणी चरात जाते, चर ओढ्याला मिळतो आणि ओढा नदीला. द्रव्य नष्ट होत नाही, हा नियम आपण आठवीनववीत रसायनशास्त्राच्या तासाला शिकतो आणि पर्यावरणाच्या तासाला विसरतो.

(ध्वनी तेवढा याला अपवाद आहे. आमच्याकडे मिरवणुकीत ज्याला डॉल्बी म्हणतात त्याची पिन काढली की ते प्रदूषण त्याच क्षणी संपते, मागे गाळ उरत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दर १० डेसिबलला तीव्रता दहापट होते, म्हणजे ९५ डेसिबल हे ५५ च्या दुप्पटही नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ते दहा हजारपट आहे हे ध्यानात घ्यावे. जे सर्वांत सहज थांबवता येते तेच आपल्याला थांबवता येत नाही, यावर मी आणखी काही लिहीत नाही.)

हलवाहलवीची किंमत कोण मोजतो, ते इचलकरंजीकडे पाहिले की दिसते. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. यंत्रमागांवर हजारो कुटुंबांची चूल पेटवणाऱ्या या शहराला दाराशी नदी असूनही तिचे पाणी पिण्याचा भरवसा राहिला नाही. कृष्णेचे पाणी आधीच आणले होते, पुढे वारणेचे आणायचे ठरले तेव्हा वारणाकाठच्या दानोळीचे गावकरी आडवे झाले, आणि दूधगंगेवरच्या सुळकूडचे नाव निघाले तेव्हा तिकडच्या गावांनी विरोध केला. शहराचे म्हणणे खोटे नाही, माणसाला प्यायला पाणी लागतेच. गावांचे म्हणणेही खोटे नाही, स्वतःची नदी नासवून आमच्या नदीवर का येता, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. मात्र नदी एकट्या इचलकरंजीने नासवलेली नाही, वरच्या अंगाला आम्ही कोल्हापूरकर बसलो आहोत, हे इथे कबूल केले पाहिजे.

शाश्वत विकासाची व्याख्या भाचीला तोंडपाठ होती: भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागवणारा विकास. ही व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली. तिच्या लगेच पुढे त्याच अहवालात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, ज्या आपल्या वह्यांमध्ये सहसा येत नाहीत. एक म्हणजे गरजा, त्यातही जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, ज्यांना सर्वांत आधी स्थान द्यायचे. दुसरी म्हणजे मर्यादा, निसर्गाच्या झेपण्याच्या. हा भाग गाळला की उरते ती ‘भावी पिढी’, आणि ती सोयीची असते, कारण जन्मालाच न आलेली माणसे बंधाऱ्यावर येऊन जाब विचारत नाहीत. पंचगंगेच्या काठावर आपल्या कृतीचे परिणाम भोगणारी माणसे आजच, खालच्या अंगाला चाळीस-पन्नास किलोमीटरवर राहतात. शाश्वतता तपासायला पन्नास वर्षे थांबण्याची गरज नाही, एसटीने तासादीड तासात तिथे पोहोचता येते.

म्हणून मी भाचीला चौकटी खोडायला लावल्या. दुसरे पान घे म्हटले, आणि आपल्या न्हाणीघरातले पाणी कुठे जाते तेवढेच शोध. दोन संध्याकाळी ती गल्लीतल्या पोरांना घेऊन गटाराच्या कडेने हिंडली. गटार ओढ्याला मिळते, ओढा नाल्याला, नाल्यावर उपसा केंद्र आहे आणि तिथून पाणी प्रक्रियेला जाते, हे तिला कळले. जोराचा पाऊस झाला की ते सगळे उपसा केंद्राला न जुमानता सरळ नदीत जाते, हेही तिथल्या एका कामगाराने तिला सांगितले. हे सगळे तिने बाणांनी काढले: शिरोली, रुई, इचलकरंजी, तेरवाड, नृसिंहवाडी. कृष्णेला मिळाल्यावर थांबू का, असे तिने विचारले. मी म्हटले, नदी थांबते का ते बघ. मग राजापूरच्या बंधाऱ्याच्या पुढे कर्नाटक काढण्यासाठी तिला वहीला आणखी एक पान चिकटवावे लागले.