सुरुवात पाच मिनिटांची असू द्या
नैराश्यावरच्या एका लेखात व्यायाम, वेळेवर झोप आणि मोकळं बोलणं हे तीन उपाय दिलेत. तिन्ही पटले, पण नैराश्यात सगळ्यात आधी जातं ते सुरुवात करण्याचं बळ. उत्साह येईल मग चालायला जाऊ, असं म्हणत बसलं तर तो येतच नाही. आधी कृती, मागून उत्साह. पहिल्याच दिवशी ४५ मिनिटं ठरवली की तिसऱ्या दिवशी मोडतं आणि वर अपराधीपणा. चपला घालायच्या, ५ मिनिटं चालून परत यायचं. पहिला आठवडा एवढंच पुरे. झोप कधी लागेल ते हातात नसतं, उठणं असतं. ती वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

बोलण्याचं म्हणाल तर नैराश्यातल्या माणसाकडून "कसा आहेस?"ला "ठीक" एवढंच उत्तर मिळतं. "काल किती तास झोपलास? जेवलास का?" असं विचारा. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर फरक जाणवायला बहुधा २ ते ४ आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद केल्या की चक्कर, बेचैनी होऊ शकते आणि आजारही उलटू शकतो. मधे गोळ्या चुकल्या असतील तर डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतील.