वीस लिटर एल आणि बाकीची भांडी

घरी बिअर तयार करणाऱ्या माणसाविषयी लोकांच्या मनात एक रम्य चित्र असते. वाफाळत्या पातेल्याशेजारी उभा राहून तो लांब दांड्याच्या पळीने काहीतरी ढवळतो आहे आणि मधूनमधून डोळे मिटून वास घेतो आहे, असे ते चित्र. प्रत्यक्षात तो मोरीत उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्या हातात घासणी असते. सहा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मी सांगतो की, या छंदातला बारा आणे भाग भांडी घासण्याचा आणि साडेतीन आणे वाट पाहण्याचा असतो. बिअर काय ती उरलेल्या अर्ध्या आण्यात.

गेल्या रविवारी मी ब्राउन एल करायला घेतली, आणि तीही हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, हात सढळ ठेवून. ब्राउन एल ही मूळची शांत प्रकृतीची, भाजलेल्या धान्याच्या चवीची, किंचित गोडसर बिअर. तिच्यात हॉप्स भरपूर घातले की पंचाईत होते, कारण भाजक्या मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, कडवटपणा आणि हॉप्सचा कडवटपणा हे सावत्र भाऊ आहेत. एकाच घरात नांदतात, पण एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. त्यांचा समेट घडवून आणण्यासाठी मी वहीत सगळे आधीच लिहून ठेवले होते. पेल मॉल्ट ४ किलो, क्रिस्टल मॉल्ट ४०० ग्रॅम आणि चॉकलेट मॉल्ट २०० ग्रॅम. हॉप्सचे हप्ते तीन: पहिला उकळी फुटताच, दुसरा शेवटची दहा मिनिटे उरली असताना आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, म्हणजे ५० ग्रॅमचा, गॅस बंद केल्याबरोबर. तासभर उकळलेले हॉप्स कडवटपणा देतात, परंतु त्यांचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो; म्हणून सुगंधासाठीचे हॉप्स अगदी शेवटी टाकायचे. थोडक्यात, या एलची सगळी अब्रू त्या तिसऱ्या हप्त्यावर अवलंबून होती.

मदतीला मेव्हणा आला होता. त्याची मदत पहिल्या पाच मिनिटांतच संपली, कारण त्याने चॉकलेट मॉल्टचे नाव वाचून एक मूठ तोंडात टाकली. त्या मॉल्टमध्ये चॉकलेटचा कणही नसतो. जव रंगाने काळपट होईपर्यंत भाजतात, इतकाच त्या नावाचा अर्थ. असे गडद भाजण्यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचे पेटंट डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने १८१७ मध्ये घेतले होते. हे सगळे मी त्याला समजावून सांगत असताना तो चूळ भरत होता. "दाजी, हे जळलेलं आहे," एवढेच तो म्हणाला.

भरडलेले मॉल्ट गरम पाण्यात तासभर भिजवायचे, याला मॅश म्हणतात. हे मिश्रण ६७ अंशांच्या आसपास राहिले, तर धान्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. त्याहून थंड राहिले तर बिअर पाणचट होते आणि फार तापले तर विकरेच निकामी होतात. माझा थर्मामीटर ७० दाखवू लागला. मी तांब्याभर गार पाणी ओतले, तो ६४ वर आला. मग उकळते पाणी ओतले, तो ६९ वर गेला. असा माझा आणि थर्मामीटरचा सामना पाऊण तास रंगला, आणि शेवटी ६७ हा आकडा दिसला तेव्हा पातेले काठोकाठ भरले होते व मला ढवळायलाही जागा उरली नव्हती.

त्यानंतर गाळण्याची पाळी आली. तोटी उघडली, तपकिरी रस वाटीभर आला, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. यात तोटीचा दोष नव्हता. जवाची टरफले अखंड राहिली तर त्यांचीच चाळण तयार होते आणि रस त्यातून झिरपतो. मी मात्र आदल्या रात्री उत्साहाच्या भरात गिरणीचे चाक इतके घट्ट आवळले होते की टरफलांचे पीठ झाले होते. नळीत फुंकर मारून पाहावी असे मेव्हण्याने सुचवले आणि मी, दोन मुलांचा बाप, जमिनीवर आडवा पडून गरम पातेल्यात नळीतून फुंकर मारू लागलो. आतून एक मोठा बुडबुडा आला, रस सुटला, आणि त्यातला पहिला घोट थेट माझ्या कानात गेला. तो गोड होता की नाही, हे कानाला कळत नाही.

उकळण्याविषयी एकच गोष्ट सांगतो. दूध उतू जाण्यापूर्वी निदान कुरकुरते. वॉर्ट, म्हणजे हा गाळलेला रस, कसलीही पूर्वसूचना देत नाही. उकळी फुटण्याच्या सुमारास त्यातल्या प्रथिनांचा जाड फेस वर येतो आणि नेमक्या त्याच क्षणी माणूस हॉप्स वजन करायला पाठ फिरवतो. मी अर्ध्या मिनिटासाठीच वळलो होतो. त्या अर्ध्या मिनिटात शेगडी, ओटा, ओट्याखालचे कपाट आणि माझी उजवी सपाता या सर्वांवर तपकिरी पाकाचा एक चिकट, चकचकीत थर बसला. पुढचा सगळा तास मी एका हाताने ओटा पुसत आणि दुसऱ्या हाताने घड्याळ पाहत काढला. पहिले दोन हप्ते वेळेवर पडले, याचा मला अजूनही अभिमान आहे.

उकळलेला वॉर्ट लवकरात लवकर २० अंशांपर्यंत आणावा लागतो, नाहीतर यीस्टच्या आधी भलतेच जंतू वस्तीला येतात. तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडून मी बसलो, आणि धीर न धरवल्यामुळे गरम वॉर्टमध्येच हायड्रोमीटर, म्हणजे रसात साखर किती उतरली हे दाखवणारी तरंगती नळी, सोडला. तो १.०३४ दाखवू लागला, अपेक्षा १.०५२ ची होती. दिवसभराच्या श्रमाचे पाणी झाले, असे मी जाहीर केले. हे उपकरण २० अंशांसाठी आखलेले असते आणि गरम द्रवात कमी आकडा दाखवते, हे मला तोंडपाठ आहे. पण संकटात पाठांतर आठवत नाही. थंड झाल्यावर आकडा १.०४९ निघाला. कमी पडलेले तीन अंक सकाळी ओतलेल्या तांब्यांत वाहून गेले होते.

शेवटी यीस्ट पडले. बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्याने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी दिली होती. यीस्टचे त्यात नावही नाही, कारण ते काय काम करते हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. आता मला ते ठाऊक आहे आणि त्याचे दुःखही आहे. बिअर यीस्ट करते. मी त्याच्यासाठी घर झाडतो, पाणी तापवतो, जेवण वाढतो आणि नंतर खरकटे काढतो.

"आता प्यायची कधी?" मेव्हण्याने विचारले. महिन्याने, असे सांगताच त्याला घरचे एक तातडीचे काम आठवले.

रात्री दहा वाजता शेवटचे पातेले पालथे घालून मी कंबर सरळ केली, तेव्हा सौभाग्यवती फ्रिजवरून एक झाकलेली वाटी घेऊन आल्या. "अहो, यात हा हिरवा पाला कसला?"

सुगंध उडू नये म्हणून मीच ती झाकून ठेवली होती. बरोबर ५० ग्रॅम.

मी चेहरा न बदलता म्हणालो, की हे हॉप्स यीस्टचे काम आटोपल्यावर कोरडेच टाकायचे असतात आणि जाणकार मंडळी सुगंधासाठी मुद्दाम तसे करतात. हे शंभर टक्के खरे आहे. मग मी वही उघडून 'गॅस बंद केल्याबरोबर' हे शब्द खोडले आणि वर 'आंबवण पूर्ण झाल्यावर' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. त्यांनी वही हातात घेतली, मागची तीन पाने उलटून पाहिली, आणि प्रत्येक पानावर त्याच ओळीत, त्याच अक्षरात झालेली तीच दुरुस्ती मला बोट ठेवून दाखवली.